माझ्याखेरीज कुणी शिवायचं नाही

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

गाडी चक्क वेळेवर जबलपूरला पोचली आणि फलाटावर दिवाकरराव माझ्या नावाची पाटी घेऊन उभे. ‘दीपा मॅडम, तुमसर.’ मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षक म्हणून एकोणतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या नावांच्या पाट्या लावल्या. आज सत्तावन्नाव्या वर्षी कुणीतरी माझी लावली. खोटं कशाला बोलू, छाती फुगली.

घर महाराजपुरात आहे. नवी वसाहत, दुमजली घर, गच्चीवरून मटाराची शेतं दिसतात. ही माणसं मूळची वर्ध्याकडची, पण तीन पिढ्या जबलपुरात. घरात मराठी बोलतात खरं, पण वाक्य मराठीत सुरू होतं आणि हिंदीत संपतं. दिवाकरराव सरकारी नोकरीत, त्यांची बायको अमिता बँकेत. दिवाकररावांची आई भानुमतीबाई, सत्तरीच्या. आणि जिच्यासाठी मला आणलं ती गीतांजली, वय सात, घरात सगळ्यांची गीतू.

गीतूला दोन वर्षांपूर्वी रक्ताचा कर्करोग निघाला. मोठी इंजेक्शनं संपली, आता रोजच्या गोळ्या, त्या अजून वर्षभर. डोक्यावर केस नुकते परत यायला लागलेत, बदकाच्या पिलासारखे. मला वरपासून खालपर्यंत बघून तिने विचारलं, मौसी, आप डांटती हो क्या? मी म्हटलं, फार. ती खूश झाली. आमचं जमणार.

३ फेब्रुवारी

फ्रिजवर दवाखान्याचं पत्रक चिकटवलेलं आहे. चार वेळा वाचलं आणि माझ्या अक्षरात उतरवून घेतलं. गोळ्यांनी गीतूच्या अंगातली लढायची ताकद मारून टाकली आहे. धडधाकट पोराला कांजिण्या आल्या तर आठ-दहा दिवसांची खाज. हिला आल्या तर त्या फुप्फुसात उतरतील, यकृतात उतरतील, आणि जीव जाईल. लस जिवंत विषाणूची असते, म्हणून उपचार चालू आहेत तोवर ती तिला देता येत नाही. मग उपाय एकच, भोवतीच्या माणसांनी कोट करायचा. अमिताला लहानपणी कांजिण्या आल्या नव्हत्या, तिने लसीचे दोन्ही डोस घेतलेत. दिवाकररावांना आणि त्यांच्या आईला येऊन गेल्या आहेत, आणि एकदा येऊन गेल्या की सहसा परत येत नाहीत.

म्हणून तर माझी निवड झाली. फोनवर दिवाकररावांनी सगळ्यात आधी हेच विचारलं होतं. मी सांगितलं, दुसरीत असताना, अंगभर. भुवईवर अजून खड्डा आहे. ते म्हणाले, बस, ताई, तुम्ही या.

पत्रकात दोन गोष्टींखाली लाल रेघ आहे. संपर्क आला तर दहा दिवसांच्या आत एक संरक्षक इंजेक्शन देता येतं, जितकं लवकर तितकं बरं. आणि पहिला फोड दिसला तर त्याच तासाला दवाखाना. मीही लाल शाईनेच लिहिलं.

६ फेब्रुवारी

घराला शिस्त अशी नव्हतीच. अमिता बँकेत पन्नास लोकांना भेटून यायची, हात धुतले न धुतले की पोरीला उचलायची. दवाखान्याने फक्त काळजी घ्या म्हटलंय, पण काळजी म्हणजे काय ते कुणीतरी ठरवायला नको? मी ठरवलं. गीतूच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीला लोखंडी जाळीचं दार आहे. त्याला आतून दणकट कडी बसवून घेतली. आत गीतू आणि मी. बाकीच्यांनी जाळीबाहेरून बोलायचं. माझ्याखेरीज कुणी शिवायचं नाही.

अमिता पहिल्या दिवशी रडली. मग त्या दोघींनी आपापसात तोड काढली. संध्याकाळी गीतू आतून जाळीला पंजा लावते, अमिता बाहेरून. बघवत नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. शिस्त बसताना बघायला मला आवडतं.

१५ फेब्रुवारी

भानुमतीबाई बुधवारी शहरात, सराफ्यात, नात्यातल्या बारशाला गेल्या होत्या. मी नको म्हटलं होतं. आज तिकडून फोन आला, त्या घरातल्या एका पोराला छोटी माता, म्हणजे कांजिण्या, आली. म्हातारीने लगेच दाराला कडुनिंब बांधला आणि फोडणी बंद करायला सांगितली. मी हसले. मग दवाखान्यात फोन केला. तिथली सिस्टर म्हणाली, दादी को पहले हो चुकी है ना, फिर चिंता की बात नहीं, त्या लागण घरी आणणार नाहीत.

दिवाकररावांना मी एवढंच सांगितलं की सिस्टर काळजी घ्या म्हणाली. हे खोटं नव्हे, अर्धं होतं. पण घरात दोन हुकूम चालत नाहीत, आणि म्हातारी जाळीतून पोरीला गूळ द्यायची.

१६ फेब्रुवारी

भानुमतीबाईंना मझौलीला भाच्याकडे पाठवलं. जाता जाता खूप बोलल्या. मले तं लहानपणीच माता येऊन गेली जी, मी काहून जाऊ? पोरीच्या डोक्याले तेल कोण लावन? दिवाकररावांनी मान खाली घालून पिशवी उचलली. गीतू जाळी धरून दादी, दादी करत राहिली. दुपारी जेवली नाही. रात्रीही नाही म्हणत होती, पण मी जेववलं.

२० फेब्रुवारी

डाव्या कुशीत आग होते आहे. पाठीपासून बरगड्यांखाली पुढपर्यंत, चटका बसल्यासारखी. वर काही दिसत नाही. परवा एकटीने गादी उचलली, त्याचं असेल. ओवा खाल्ला.

गीतूला साबणाने धुतलेल्या मटाराच्या शेंगा सोलायला दिल्या. दाण्यांचं तिने कुटुंब मांडलं. पापा, मम्मी, मौसी. एक दाणा वाटीबाहेर दूर ठेवला, ती दादी, मझौली में. मी तो उचलून कचऱ्यात टाकला. ती माझ्याकडे बघत राहिली. मग दुसरी शेंग घेतली.

२२ फेब्रुवारी

आंघोळीला गेले तेव्हा बघितलं. डाव्या कुशीत लाल पट्टा उठलाय आणि त्यावर पाण्याचे फोड, दाटीवाटीने. ओळखलं. तुमसरला शेजारच्या काकूंना झाली होती. नागीण. एकदाच लिहिते, परत लिहिणार नाही. आई सांगायची, तिचं नाव घेऊ नये, कुणाला सांगू नये. ऐकते आणि वाढते. कमरेला विळखा घालून तोंड-शेपूट एक झालं की माणूस संपलं.

मी पदवीधर बाई, म्हातारीच्या कडुनिंबाला हसणारी. तरी आरशासमोर उभी राहून आधी दोन टोकांमधलं अंतर मोजलं. दोन विती आणि वर चार बोटं. गच्चीवर कुंड्यांना लावायचा गेरू होता, तो उगाळून लावला आणि वरून कापड बांधलं. हा उष्णतेचा आजार, आपल्याच अंगातून येतो, कुणाकडून लागत नाही आणि कुणाला लागत नाही. मग सांगायचं कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची.

२३ फेब्रुवारी, रविवार

कापडाने आग वाढते, म्हणून दुपारी सोडून पडले होते. गीतू येऊन कुशीत शिरली. कूस बदलायला हवी होती, पण ती तेवढ्यात झोपलीसुद्धा. तास-दीड तास. उठली तेव्हा तिच्या गालाला गेरू लागला होता, ओला. माझे दोन-तीन फोड फुटले होते. गाल साबणाने पुसला. तिला वाटलं मी तिला रंगवलं, आरसा मागून हसली.

माझ्या अंगाला अंग लावून आजवर कुणी इतका वेळ झोपलं नव्हतं. ही पोर मला आवडायला लागली आहे. लिहून टाकते.

२६ फेब्रुवारी

सिस्टरचा महिन्याचा फोन आला. ताप? नाही. खोकला? नाही. मग तिने विचारलं, घर में किसी को हरपीज, मतलब नागिन, तो नहीं निकली?

मी म्हटलं, नाही. तपासणीला आलेल्या साहेबाला वसतिगृहात ढेकूण नाहीत म्हणायचे, तसं. तोंडातून निघूनच गेलं. नंतर सहज विचारल्यासारखं विचारलं, का हो?

तिने समजावून सांगितलं. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू जात नाही. पाठीच्या कण्याजवळच्या नसांत झोपून राहतो. चाळीस वर्षं, पन्नास वर्षं. उतारवयात अंगातली ताकद कमी झाली की उठतो आणि पट्टा होऊन बाहेर येतो. त्या फोडांतलं पाणी अशा पोरीला लागलं तर तिला कांजिण्याच येतात. पत्रकाच्या मागच्या बाजूला लिहिलंय, म्हणाली.

खाली जाऊन पत्रक फ्रिजवरून सोडवलं. मागे लिहिलंय. मी समोरची बाजू उतरवून घेतली होती.

परत चिकटवलं. तेवीसपासून दहा दिवस म्हणजे पाच मार्च. आज सव्वीस. हातात सात दिवस आहेत, भरपूर आहेत. उद्या सकाळी सांगते.

२७ फेब्रुवारी

सांगायला खाली गेले होते. दिवाकरराव फोनवर कुणाला तरी सांगत होते, दीपाताई आहेत म्हणून आम्हाला दोन वर्षांत पहिल्यांदा झोप लागते. मी पाण्याचा जग भरून वर आले.

उद्या.

१ मार्च

काय म्हणून सांगू? आईला महिनाभर पोरीला हात लावू दिला नाही, आजीला घरातून काढलं, आणि लागलं ते माझ्याच अंगातून? सिस्टरने विचारलं तेव्हा नाही म्हणाले, हे पण सांगायचं? तीच मझौलीची म्हातारी परत येईल आणि माझी पिशवी दारात ठेवतील. ठेवतीलच.

अमिताने विचारलं, वाकून काहून चालून राहिल्या ताई? चोराच्या मनात चांदणं. गुडघे, म्हटलं.

आणि लागलंच असेल असं कुठे आहे? गाल पुसला होता. साबणाने. सगळ्यांना थोडंच लागतं. चादरी उकळून काढल्या.

३ मार्च

भानुमतीबाईंचा फोन माझ्याच मोबाइलवर. सराफ्यातलं पोरगं बरं झालं, आता तं येऊ का जी? मी म्हटलं, अजून महिनाभर नाही. रडायला लागल्या. मी तुमच्या पाया पडून राहिली जी, दुरून पाहीन, हात नाही लावन.

फोन ठेवला. 

फोड सुकायला लागलेत. टोकं पुढे सरकली नाहीत. रोज मोजते.

५ मार्च

शेवटचा दिवस. सकाळी आठला सांगणार होते, तर अमिता घाईत. बाराला फोन लावला, तिने उचलला नाही. तिने परत केला तेव्हा मी उचलला नाही.

संध्याकाळी दिवाकरराव खोवा जलेबी घेऊन आले, माझ्यासाठी. आज दवाखान्यातून रक्ताचा अहवाल आला, सगळं छान आहे. अमिताने जाळीबाहेर जमिनीला डोकं टेकवलं. म्हणाली, दुसरी आई तुम्हीच. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. गीतू टाळ्या वाजवत होती, आणि अमिता रडता रडता हसत होती, आणि मी म्हटलं, उठा हो, काहीतरीच काय.

आठ वाजले. नऊ. दोन जलेब्या खाल्ल्या.

६ मार्च

मुदत संपली. आता सांगून उपयोग नाही, म्हणजे सांगायची गरजही नाही. सुंठीवाचून खोकला गेला.

हे लिहिलं आणि हात थांबला. मी कशी बाई आहे?

८ मार्च

शेवटची खपली पडली. तोंड-शेपूट एक झालं नाही. मी वाचले. गीतू खेळते आहे, गाते आहे. काही झालेलं नाही. काही होणार नाही. दिवसभर मीही गुणगुणत होते.

९ मार्च

गीतूचं पोट दुखतंय. कंबर पण. मटार जास्त झाले असतील.

दुपारी ताप एकशे एक.

खाली सांगितलं, झोपली आहे.

१० मार्च, सकाळ

कानामागे. नव्या केसांखाली. एक. पाण्याच्या थेंबासारखा. आधी वाटलं घामच आहे. बोटाने पुसला, गेला नाही.

छातीवर तीन.

लाल रेघ — पहिला फोड, त्याच तासाला. शिरेतून औषध देतात, अजूनही देतात, अजूनही वाचते पोर. मला ठाऊक आहे. माझ्याच अक्षरात लिहिलंय. खाली दिवाकरराव चहा पीत होते, कपबशीचा आवाज येत होता. बारा पायऱ्या.

जाळीवर चादर टाकली. सांगितलं, उजेड सहन होत नाही तिला, डोळे आलेत बहुतेक. लांब राहा. ते लांब राहिले. सवयच लावली आहे मी.

दुपार

एकवीस. मोजले. पोटावर दाट.

गेरू लावला. तिला. मी — पदवीधर —

संध्याकाळ

अमिता बँकेतून आली. चादरीपलीकडून गीतू, बेटा, हात दे. गीतूला उठवेना. ओठ हलले, आवाज नाही. अमिता हाक मारत राहिली. मग मी — मी माझी बोटं टेकवली. चादरीआडून. चार बोटं.

अमिता म्हणाली, कितना ठंडा हाथ है बेटा.

इकडे पोर भट्टीसारखी तापली होती.

११ मार्च

मोजणं सोडलं. तोंडात पण आहेत. श्वास — फार जोरात, पोट आत जातंय, बरगड्या दिसतात. रात्रभर मांडीवर घेऊन बसले. मौसी, दादी को बुलाओ, म्हणाली. एकदाच म्हणाली.

डोळे आलेत हे दिवाकररावांनी मझौलीला सांगितलं असेल. म्हातारी आली. पहिल्याच बसने. चादरीबाहेर चपला दिसल्या. नुसती उभी. ऐकत —

मग — काहून कण्हून राहिली माही नात?

मी म्हटलं, स्वप्न पडलं असेल.

दार उघडा जी बाई.

दार उघडा!

अकरा वाजून गेले. दिवाकरराव ऑफिसातून आलेत, म्हातारीने बोलावलं असणार. अमिता पण. तिघंही दारावर. अमिता ओरडते आहे, मराठी नाही, हिंदी नाही, नुसती ओरडते आहे. कडी दणकट आहे, मीच बसवून घेतली. उघडते. उघडणारच आहे. पण आधी ही पानं — बावीसपासूनची पानं फाडायला हवीत. म्हातारीने सराफ्यातून आणलं. एवढंच म्हणायचं. दिवाकररावांना ते आधीच पटलेलं आहे. अमितालाही पटेल. म्हातारीला स्वतःलासुद्धा पटेल, ती तशीच आहे, ती रडेल आणि माझंच चुकलं म्हणेल —

सव्वीसचं पान फाडायचं. तेवीसचं. नाही, तेवीस राहू दे, त्यात ती हसली ते — नाही, तेच आधी —

बिजागरी हलते आहे.

गीतू मघापासून पाणी मागते आहे. मौसी, पानी. मौसी, पानी. मी म्हटलं थांब ग, एवढी एक ओळ होऊ दे —

आता मागत नाही. झोपली अस